मीठ मुरलेली नळी

मी एक जुनी क्वार्ट्झची नळी आहे. खरं सांगायचं तर आता नळीसुद्धा नाही, नळीचा एक तुकडा आहे. चार बोटं रुंद आणि बांगडीसारखा गोल. दुबईतल्या एका संशोधन केंद्राच्या कॉरिडॉरमध्ये काचेच्या कपाटात मला ठेवलं आहे. डोक्यावर छोटा दिवा आहे, पायाशी एक पाटी आहे. येणारे-जाणारे दिव्याकडे बघतात, पाटी वाचतात आणि पुढे जातात. मित्रांनो, तुम्ही जरा थांबा. पाटीवर जे लिहिलेलं नाही, तेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म खूप लांबच्या एका कारखान्यात झाला. नदीकाठी सापडणारी पांढरी गारगोटी तुम्ही पाहिली असेल. तशाच, पण अतिशय शुद्ध गारगोटीच्या वाळूला दोन हजार अंशांच्या आगीत वितळवून मला ओढून लांब केलं. तेव्हा मी माणसाच्या छातीएवढ्या उंचीची होते आणि इतकी पारदर्शक की खोकं रिकामंच आहे असं वाटावं.

दुबईत मी उतरले ती रास अल खोरच्या एका गोदामात. मला न्यायला कॅस्मिर तुस्कानो आला. तो मूळचा वसईचा, संशोधन केंद्रात तंत्रज्ञ. राहायचा शेजारच्या अजमानला, बायको लुसी आणि मुलगी रोशेल यांच्याबरोबर. त्याने माझं खोकं पिकअपच्या मागे ठेवूच दिलं नाही. पुढच्या सीटवर आडवं मांडीवर घेऊन बसला, खोक्याचं एक टोक खिडकीबाहेर.

वली नावाचा ड्रायव्हर हसला. "कॅस्मिर भाई, बच्चा है क्या गोद में?"

"बच्चे से भी नाजूक है. यल्ला, धीरे चलो. स्पीडब्रेकर पे उडाओगे तो मैं तुम्हारे को उडाऊंगा."

माझ्या आयुष्यात माझ्याबद्दल कुणी काढलेले ते पहिले उद्गार. असे उद्गार पुढे फारसे वाट्याला आले नाहीत, म्हणून ते अजून लक्षात आहेत.

आता माझं काम काय होतं ते सांगते. नीट ऐका, अवघड नाही. मॉलिब्डेनम नावाचा एक धातू आहे. तो आणि गंधक एकत्र आले की पानापानांचा एक पदार्थ तयार होतो. पुस्तकात पानावर पान असतं, तसे त्यात थरावर थर असतात. यातला एकच थर वेगळा मिळाला तर त्याची जाडी फक्त तीन अणूंची भरते. तुमच्या वहीचं एक पान घ्या. तेवढ्या जाडीत असे लाखाहून जास्त थर मावतील. मोबाइलमधल्या चिपमध्ये विजेची बारीक बारीक बटणं असतात. ती आणखी लहान करत नेली की नेहमीचं सिलिकॉन नीट वागेनासं होतं. हा तीन अणूंचा थर मात्र तेवढा पातळ असूनही शहाण्यासारखा वागतो. म्हणून जगभरचे लोक तो वाढवायच्या मागे आहेत.

'वाढवायचा' हाच शब्द बरोबर आहे. हा थर कापून किंवा लाटून होत नाही, तो उगवावा लागतो. मला एका भट्टीत आडवं बसवलं होतं. माझ्या पोटात होडीच्या आकाराच्या छोट्या वाट्या सरकवत. एका वाटीत पिवळं गंधक, दुसरीत मॉलिब्डेनमची पांढरट पूड, तिच्यापाशी नीलमची पातळ चकती. मग एका तोंडातून अर्गॉन वायू सोडायचा आणि भट्टी साडेसातशे अंशांपर्यंत तापवायची. पुडीची वाफ आणि गंधकाची वाफ माझ्या पोटात भेटत आणि त्या चकतीवर इवलेइवले त्रिकोण उगवत. त्रिकोणच, मित्रांनो! फुलाला पाकळ्या येतात तशा त्या थराला तीन कडा येतात. त्रिकोण मोठे होत होत एकमेकांना भिडले की सलग चादर तयार झाली.

पण हे सगळं पुढचं. पहिले पाच महिने माझ्या पोटात काहीही उगवलं नाही.

तेव्हा प्रयोगशाळेचे प्रमुख सूर्यकांत सर होते. सूक्ष्मदर्शकात बघायचे, चष्मा काढून पुसायचे, परत बघायचे. "कॅस्मिर, वाळवंटच आहे रे इथेही." कॅस्मिर वाट्या धुवायला घ्यायचा.

एकदा सर एक लेख वाचून आले. पुडीत थोडं मीठ मिसळलं तर ती लवकर वितळते आणि वाफ चांगली होते, असं कुणीतरी लिहिलं होतं. शुद्ध मिठाची मागणी नोंदवली. ते यायला दीड महिना लागणार होता.

"सर, मीठच पाहिजे ना?" कॅस्मिर म्हणाला. "माझे वडील वसईच्या मिठागरात कामाला होते. आमच्या घरी लुसी माशाला दुसरं मीठ लावतच नाही. खडे आहेत गावाहून आणलेले. आणू का?"

"तू स्वयंपाकघरातलं मीठ माझ्या भट्टीत घालणार?"

"सहा वेळा पाण्यात विरघळवून परत खडे पाडतो, सर. मिठागरातलं पोर आहे मी. मीठ कसं साफ करायचं ते मला शिकवू नका."

सर हसले आणि हो म्हणाले. कॅस्मिरने चार दिवस ते मीठ विरघळवलं, गाळलं, पुन्हा खडे पाडले. मग त्यातलं चिमूटभर मीठ त्याने वाटीतल्या पुडीत मिसळलं आणि वाटी माझ्या पोटात सरकवली.

त्या दिवशी चकतीवर हजारो त्रिकोण उगवले. सूर्यकांत सरांनी कॅस्मिरच्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की त्याच्या हातातला चिमटा खाली पडला.

इथे मला तुम्हाला माझ्याबद्दलची एक गोष्ट सांगितली पाहिजे. मीठ आणि क्वार्ट्झ यांचं पटत नाही. घामाच्या बोटाचा ठसा जरी राहिला तरी त्यातलं मीठ आगीत मला खातं. म्हणून तर कॅस्मिर मला हातमोजे घातल्याशिवाय कधी शिवला नाही. आता तर मीठ माझ्या पोटातच जात होतं. माझ्या आतल्या भिंतीवर पांढरे धुरकट डाग पडू लागले, म्हाताऱ्या डोळ्यात मोतीबिंदू पडावा तसे. मला त्याचं वाईट वाटलं नाही. कामाला येणाऱ्याच्या अंगावर कामाच्या खुणा पडतातच. मीठ मला खात होतं आणि मीही ते थोडं थोडं अंगात मुरवून घेत होते.

आठ महिन्यांनी बाहेरचे एक तज्ज्ञ तपासणीला आले. त्यांनी नोंदवहीत मीठ वाचलं आणि आवाज चढवला. मिठातलं सोडियम म्हणजे चिपचा मोठा शत्रू. अशा प्रयोगशाळेत मीठ आणणं म्हणजे दुधाच्या पातेल्यात लिंबू पिळणं, असं काहीसं ते इंग्रजीत म्हणाले. सूर्यकांत सर घाबरले. त्यांनी कॅस्मिरला बोलावलं. "मीठ बंद. आणि वहीतली ती पानं नव्याने लिहून काढ, मिठाशिवाय."

"पण सर, घातलं तर होतं ना?"

"होतं. आता नव्हतं."

कॅस्मिरने पानं नव्याने लिहिली. ती त्याची चूक. सरांचा मान राखायचा म्हणून केलेली, पण चूकच. त्याने ती कृती सुंदर अक्षरात लिहिली, फक्त तिच्यातला एक पदार्थ गाळला.

आणि गंमत बघा, मीठ बंद झालं तरी त्रिकोण उगवतच राहिले. सर म्हणाले, "बघ, मिठाची गरजच नव्हती." सगळ्यांना ते पटलं. कुणी माझ्या पांढऱ्या डागांकडे पाहिलं नाही. मी अंगात साठवलेलं मीठ प्रत्येक वेळी कणाकणाने परत देत होते. पाच वर्षं मी ते देत राहिले. मला वाचा असती तर तेव्हाच सांगितलं असतं.

कॅस्मिरला मात्र काहीतरी कळलं होतं. शास्त्राच्या शब्दांत नाही, हातांनी कळलं होतं. तो मला कधी घासूनपुसून लख्ख करत नसे. नवीन आलेला संशोधक अर्सलान कराचीचा होता, काम शिकायला उत्सुक. त्याने एकदा मला आम्लाने धुवायला काढलं, तेव्हा कॅस्मिर धावत आला.

"छोड दे, बाबा! घर में मिट्टी का हंडी है ना, उसको साबुन लगाते क्या?"

"नहीं लगाते?"

"लगाओगे तो अम्मी घर से निकालेगी. मेरी लुसी तो मुझे निकालेगी."

मग सूर्यकांत सर निवृत्त होऊन पुण्याला गेले आणि निनाद सर आले. तेही महाराष्ट्रातलेच, दुबईतल्या अल बर्शाला राहणारे, हुशार, कामाला वाघ. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. त्यांना सगळ्याचीच घाई होती, एवढंच. नोव्हेंबरमध्ये मोठे पाहुणे येणार होते. त्यांना थर आवडले असते तर प्रयोगशाळेला नवी इमारत मिळणार होती. निनाद सरांनी भट्टी उघडून माझ्याकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"कॅस्मिर, हे काय आहे? गटाराचा पाइप आहे का? गेस्ट्स फोटो काढणार आहेत. नवीन ट्यूब मागवा. सातशे दिरहम, म्हणजे सोळा-सतरा हजार रुपये. त्यासाठी आपण लाज काढून घ्यायची का?"

"सर, पाहुणे गेल्यावर बदलू या ना. नव्या नळीत लगेच उगवणार नाही."

"का नाही? टेम्परेचर तेच, गॅस तोच, पावडर तीच. तुमच्याच अक्षरातली रेसिपी आहे."

कॅस्मिरने भट्टी बंद केली. त्याच्या जिभेवर काय आलं असेल ते मला ठाऊक आहे.

त्या दिवसांत त्याला एकच काळजी होती आणि ती सगळ्यांना माहीत होती. रोशेल बारावीत होती. त्याचं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरात संपत होतं. ते वाढलं तरच कुटुंबाचा व्हिसा राहणार होता आणि रोशेल मार्चमध्ये आपल्याच शाळेतून परीक्षेला बसणार होती. तो अर्सलानला रोज म्हणायचा, "मार्च तक खींचना है बस. उसका एक्झाम हो गया के खलास, फिर जो होगा सो होगा."

नवी नळी आली. माझ्यासारखीच होती ती, जन्मले तेव्हाची मी. मला तिचा राग आला नाही. कॅस्मिरने मला काढलं, जुन्या चादरीत गुंडाळलं आणि कपाटावर ठेवलं. वर मार्करने लिहिलं: फेकू नये. मराठीत लिहिलं आणि खाली इंग्रजीतही.

तिथून मला सगळं दिसत होतं. पहिल्या चाचणीत नव्या नळीत काही उगवलं नाही. दुसऱ्या चाचणीतही नाही. पाहुणे यायला दोन दिवस उरले होते. तेव्हा कॅस्मिर निनाद सरांसमोर उभा राहिला आणि अखेर त्याने सगळं सांगून टाकलं. चिमूटभर मीठ, तपासणी, नव्याने लिहिलेली पानं, सगळं.

"सर, नवीन मातीच्या हंडीत पहिल्या दिवशी कालवण करत नाहीत. मीठपाणी, पेज असं काय काय उकळून ती आधी मुरवतात. तसंच आहे हे. एक तर नव्या नळीत हे दोन दिवस मीठ घालून भट्टी चालवू द्या, नाही तर जुनी नळी परत लावू द्या. मी लिहून देतो. चुकलो तर मला काढा."

निनाद सर पाच-सहा जणांसमोर हसले. "कॅस्मिर, इथे सेमीकंडक्टर बनतात. तुमच्या मिसेसची फिश करी नाही. सोडियम आणू म्हणता माझ्या लॅबमध्ये? आणि वही खोटी लिहिली हे तुम्ही स्वतः सांगताय?"

"सूर्यकांत सरांनी सांगितलं म्हणून..."

"मग त्यांना फोन करा."

कॅस्मिरने तिथेच फोन केला. स्पीकरवर सूर्यकांत सरांचा आवाज आला. बागेत बसले असावेत, मागे पक्षी ओरडत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कॅस्मिर, फार जुनी गोष्ट आहे रे. मला नीट आठवत नाही. आणि आता मी त्यात पडणं बरं दिसणार नाही. निनादला माझा नमस्कार सांग."

सरांना आठवत होतं. ज्याच्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली, त्याला कुणी विसरत नाही. कॅस्मिरने फोन खिशात ठेवला. मग हातमोजे चढवले आणि नव्या नळीत वाट्या भरायला गेला. दुसरं काय करणार होता?

पाहुणे आले. चकाचक नळीचे फोटो काढले. सूक्ष्मदर्शकाखाली चकती ठेवली. ती कोरी होती. एक पाहुणा म्हणाला, "इन्शाल्ला, पुढच्या वेळी." सगळे हसले आणि चहाकडे वळले.

त्यांची पाठ वळताच निनाद सर हळू आवाजात म्हणाले, "मशीन तेच, रेसिपी तीच. फरक फक्त तुमच्या मूडमध्ये पडला, कॅस्मिर. मी काय समजायचं ते समजलो."

कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. शेवटच्या दिवशी कॅस्मिरने वाट्या धुतल्या, चिमटे ओळीने लावले आणि माझ्यावरची चादर सारखी केली. अर्सलान दाराशी उभा होता. "कॅस्मिर भाई, मैं बोलूंगा सर को."

"मत बोल. तेरा भी व्हिसा है."

इतकंच बोलून तो गेला.

जानेवारीत अर्सलानला त्याचा एक निरोप आला, आवाजातला. अर्सलानने तो प्रयोगशाळेत एकटा असताना ऐकला, म्हणून मलाही ऐकू आला. कॅस्मिर वसईला पोचला होता. रोशेलची बारावी अर्धी राहिली होती. जूनमध्ये तिला तिथल्या कॉलेजात पुन्हा बसावं लागणार होतं, मैत्रिणींच्या एक वर्ष मागून. "बोलती नहीं है मेरे से," तो म्हणत होता. "बोलती है, डॅडा, यू शुड हॅव जस्ट सेड येस सर. अब मैं उसको क्या समझाऊं, मैं तो येस सर ही बोलता रहा." मग खोकला आणि म्हणाला, "वो पुरानी नली फेंकी तो नहीं ना?"

त्याच संध्याकाळी अर्सलानने मला खाली उतरवलं आणि भट्टीत बसवलं. तेच तापमान, तीच पूड, तोच वायू. आणि चकतीवर पुन्हा हजारो त्रिकोण उगवले. सहा महिने कपाटावर पडले असते तरी मी ते दिले असते. अर्सलानने सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि तो खुर्चीत बसून रडला. आनंदाने नव्हे.

त्याने निनाद सरांना दाखवलं. सर खूप वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता कॅस्मिरला फोन करतील. त्यांनी फोन उचललाही, पण तो करवत मागवायला.

माझ्या अंगात काय आहे ते शोधायचं, तर मला कापायला हवं होतं. हिऱ्याच्या दातांच्या करवतीने माझे नऊ तुकडे केले. तपासणीत भिंतीत खोलवर सोडियम सापडलं. निनाद सरांनी लेख लिहिला. जुन्या क्वार्ट्झच्या नळीत मीठ साठतं आणि तेच पुढची अनेक वर्षं थर उगवायला मदत करतं, असा शोध. लेख गाजला. इमारतही मिळाली. अर्सलानने शेवटी आभाराच्या ओळीत कॅस्मिरचं नाव घातलं होतं. निनाद सरांनी ते खोडलं. "एक्स-स्टाफ आहे. वहीचा प्रश्न आहे. उगाच कटकट नको." अर्सलानने मान डोलावली. त्याचाही व्हिसा होता.

आठ तुकडे तपासणीत संपले. नववा मी.

आता पाटीचं सांगते. पाटीवर शोधाचं नाव आहे आणि खाली निनाद सर, अर्सलान आणि सूर्यकांत सर यांची नावं. सूर्यकांत सरांना लेख आल्यावर सगळं नीट आठवलं होतं.

मागच्या शनिवारी निनाद सर त्यांच्या मुलीला, सान्वीला, घेऊन आले. पाचवीत असेल. तिने नाक काचेला टेकवून माझे पांढरे डाग पाहिले. बाबांनी तिला मराठीत सगळं समजावलं, फार छान समजावलं. तीन अणू, त्रिकोण, मिठाचा साठा. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग तिने विचारलं, "बट बाबा, हू पुट द सॉल्ट इन?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मीही त्यांच्याकडे पाहिलं.

"ते आधीपासूनच होतं, बेटा."

"ओके," सान्वी म्हणाली. तिला भूक लागली होती. दोघं जेवायला गेले.

मित्रांनो, मोठी माणसं तुम्हाला पुष्कळ वस्तू दाखवतील. चमकणाऱ्या नळ्या, इमारती, पाट्या. त्या कशा चालतात ते जरूर शिका. पण त्यातलं एखादं काही 'आधीपासूनच होतं' असं कुणी म्हणालं, तर तिथून हलू नका. जेवण थोडं थांबतं. पुन्हा विचारा. आणि तुमच्या स्वतःच्या वहीत, कुणाचा कितीही मान राखायचा असला, तरी घडलेलं पान बदलू नका. मी काचेची आहे, मला कापलं तरी बोलता आलं नाही. तुम्हाला बोलता येतं.

मीठ कॅस्मिर तुस्कानोने टाकलं होतं. तेवढं लिहून ठेवा.